आकाशांतील तंतु : खरे किती, भासाचे किती ?

मनुष्याच्या डोळ्याला रेषा ओढण्याची मोठी हौस आहे. मृग नक्षत्राच्या पोटांतले तीन तारे दिसले कीं आपणांस तेथें व्याधाचा बाण रुतलेला दिसतो. भिंतीवरचा ओलाव्याचा डाग चार दिवस पाहिला कीं त्याला नाक-डोळे फुटतात. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नातीपुढें मीं एक पाट ठेविला, मूठभर मोहरी त्यावर उधळली, आणि विचारलें, "काय दिसतें?" पोरीनें क्षणभरहि विचार केला नाहीं. "आजोबा, ही पाहा नागोबाची शेपटी, आणि हा मारुतीचा हात!" मोहरी गोळा करून पुन्हां उधळली. शेपटी गेली, पण तिच्या जागीं नदी आली. पांच वेळां उधळली, आणि पांचहि वेळां तिला कोठें ना कोठें ओळी सांपडल्याच. खरें सांगायचें तर त्या मलाहि दिसत होत्या. आणि उधळणारा हात तर माझाच होता, त्यानें एकहि ओळ मांडली नव्हती.

हा पोरखेळ येथें सांगण्याचें कारण असें कीं, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत ज्योतिःशास्त्रांतल्या मोठमोठ्या पंडितांपुढें नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्या पाटावर मोहरीऐवजीं दीर्घिका होत्या, इतकाच काय तो फरक.

दीर्घिका म्हणजे अब्जावधि ताऱ्यांचा एक स्वतंत्र संसार. आपला सूर्य ज्या आकाशगंगेंत फिरतो ती एक दीर्घिका, आणि काळोख्या रात्रीं देवयानी नक्षत्रांत नुसत्या डोळ्यांनीं पुसटसा दिसणारा ढग ही दुसरी. हा ढग आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडे आहे असें एड्विन हबल यानें १९२४-२५ च्या सुमारास दाखविलें, आणि १९२९ सालीं त्याच्याहून मोठा नियम मांडला : दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगानें आपणांपासून दूर जातांना दिसते. वेग मोजावा कसा? दीर्घिकेच्या प्रकाशाचें पृथक्करण केलें असतां त्यांतल्या ओळखीच्या रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या आढळतात. या सरकण्याला ताम्रसृति म्हणतात. ताम्रसृति मोजली कीं वेग कळला, आणि वेग कळला कीं अंतर कळलें. आकाशाचें छायाचित्र आमच्या पाटासारखेंच सपाट असतें. ताम्रसृतीमुळें त्याला खोली येते.

ही खोली साऱ्या जगाच्या डोळ्यांत भरली ती १९८६ सालीं. अमेरिकेंतील हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या वालेरी द लापारां व मार्गारेट गेलर या दोन विदुषींनीं आणि त्यांचे सहकारी जॉन हुक्रा यांनीं आकाशाची एक पट्टी निवडली. ती सहा अंश रुंद आणि ११७ अंश लांब होती. अॅरिझोनांतल्या हॉपकिन्स पर्वतावरील दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें त्या पट्टींतल्या दीर्घिकांचीं अंतरें काढून त्यांनीं नकाशा तयार केला. कलिंगडाची पातळ फोड कापून ताटांत आडवी ठेवावी तसा तो नकाशा होता. फोडीचें टोंक म्हणजे आपण, आणि पाठ सुमारें सत्तर कोटि प्रकाशवर्षांवर. तींत सुमारें अकराशें दीर्घिका ठिपक्यांच्या रूपानें मांडल्या होत्या. हे ठिपके सरसकट पसरलेले असतील, फार तर कोठें कोठें घोळका असेल, अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षांत दिसलें तें निराळेंच. मोठमोठ्या रिकाम्या पोकळ्या, आणि त्यांच्या कडांकडांनीं दाटी करून बसलेल्या दीर्घिका. जणूं फेंसाचे बुडबुडेच. एस्टोनियांतील यान आइनास्तो आणि त्यांचे सहकारी १९७७ च्या टालिन येथील परिषदेंत अशाच साखळ्यांविषयीं बोलले होते. रशियन पंडित याकॉव्ह झेल्डोविच यांनीं तर १९७० सालींच, गुरुत्वाकर्षणानें द्रव्य प्रथम पापडासारखें चपटें होईल, असें गणितानें सांगितलें होतें. परंतु गणित पटणें वेगळें आणि नकाशा पाहणें वेगळें.

त्या नकाशाच्या मधोमध हातपाय पसरून उभा असलेला एक काडीचा माणूस दिसतो, आणि त्याच माणसानें पहिली शंका उत्पन्न केली. त्याचें धड म्हणजे अरुंधती-केश या तारकामंडलांतला दीर्घिकांचा एक प्रचंड पुंज. पुंजांतल्या दीर्घिका आपसांत मोठ्या वेगानें इकडून तिकडे धांवत असतात. आपण तर वेगावरूनच अंतर काढतों! त्यामुळें जी दीर्घिका पुंजांतल्या पुंजांत आपल्याकडे धांवत असेल ती नकाशांत अलीकडे उतरते, पाठ फिरवून धांवणारी पलीकडे जाते, आणि वास्तविक गोल असलेला पुंज आपल्या रोखानें ताणलेला दिसतो. ज्योतिर्विदांनीं या भासाला 'देवाचें बोट' असें नांव दिलें आहे. अशीं बोटें जागोजाग असून तीं सारीं बरोबर आपल्याकडेच रोखलेलीं दिसतात. एवढ्यावरूनच त्यांचें खोटेपण ओळखावें. ज्या विश्वांत आपली कोणी विशेष दखल घेत नाहीं, तेथें प्रत्येक पुंजानें आपल्याकडेच बोट कां दाखवावें? म्हणजे त्या काडीच्या माणसाचें धड पुष्कळ अंशीं भासाचें ठरलें. मग हातपाय तरी खरे कशावरून?

ही शंका वाजवीपेक्षां जास्त वाटत असेल तर मंगळाची हकीकत आठवावी. १८७७ सालीं मिलान येथील शियापारेल्ली यांना मंगळावर सरळ रेषांचें जाळें दिसलें. पुढें अमेरिकेंत पर्सिव्हल लोवेल यांनीं त्या रेषांसाठीं वेधशाळा बांधली, ते बुद्धिमान प्राण्यांनीं खणलेले कालवे आहेत असें ठरविलें, आणि त्यांवर ग्रंथ लिहिले. १९६५ सालीं मरिनर ४ हें यान मंगळाजवळून गेलें व त्यानें छायाचित्रें पाठविलीं. त्यांत खड्डे होते; कालवा एकहि नव्हता. लोवेल अप्रामाणिक नव्हते, त्यांची दुर्बीणहि चांगली होती. नजरेच्या टोंकाशीं असलेले ठिपके त्यांच्या डोळ्यानें जोडले. जॉन बॅरो आणि सुकेतु भावसार या दोन पंडितांनीं १९८७ सालीं आकाशांतील तंतूंवर निबंध लिहिला तेव्हां मंगळाच्या या कालव्यांची आठवण मुद्दाम करून दिली.

डोळ्यावर विसंबतां येत नसेल तर कामाला संख्याशास्त्र लावावें लागतें. या कामाला प्रारंभ पूर्वींच झाला होता. १९५२ सालीं बर्कले येथील जर्झी नेमान व एलिझाबेथ स्कॉट यांनीं दीर्घिकांच्या मांडणीचा एक नमुना सुचविला : प्रथम अवकाशांत कांहीं केंद्रें यदृच्छेनें विखरावीं, मग प्रत्येक केंद्राभोंवतीं थोड्या थोड्या दीर्घिका शिंपडाव्या. सडा घालतांना पाणी जसें ठिकठिकाणीं थेंबाथेंबांच्या घोळक्यानें पडतें, तसें हें. नमुना सुंदर होता, परंतु त्यांतून निघतात ते गोल घोळके. धागे निघत नाहींत. पुढें पीबल्स आदि मंडळींनीं दुसरें माप रूढ केलें : एका दीर्घिकेपासून अमुक अंतरावर दुसरी आढळण्याचा संभव सरासरीपेक्षां किती अधिक? या मापानें फार मोठें काम केलें आहे. पण तें जोडप्यांचीं अंतरें मोजतें, आकार पाहत नाहीं. ठिपक्यांची रांगोळी पुसून टाकून, दोन-दोन ठिपक्यांमधल्या अंतरांची यादीच तेवढी कोणी आपल्या हातीं दिली, तर मूळ रांगोळींत कमळ होतें कीं स्वस्तिक, हें सांगणें कठीणच.

आकार पाहण्याची एक युक्ति विजेच्या तारांच्या हिशेबांतून आली. १९२६ सालीं मोराव्हिया प्रांतांत गांवोगांव वीज न्यावयाची होती. सर्व गांवें जोडलीं जावींत आणि तार मात्र कमींत कमी लागावी, हा प्रश्न ओताकार बोरुव्का या गणितज्ञानें सोडविला. १९८५ सालीं बॅरो, भावसार व सोनोदा यांनीं हीच रीत दीर्घिकांना लावली : प्रत्येक दीर्घिका एक गांव समजावें, कमींत कमी तारेनें सर्व जोडावीं, आणि त्या तारेच्या फांद्या किती लांब व सरळ निघतात तें मोजावें. येथें रेषा डोळा ओढीत नाहीं, नियम ओढतो. तरीहि मुख्य प्रश्न उरतोच, कारण मोहरीलाहि अशी तार जोडतां येते!

या प्रश्नाला भावसारांनीं लिंग यांच्या साहाय्यानें १९८८ सालीं दिलेलें उत्तर मला फार आवडतें, कारण तें कोणत्याहि गृहिणीला पटेल. समजा, एका जुन्या लुगड्यावर वेलबुट्टी आहे. वेली खरोखरच लांबलचक आहेत, कीं लहान लहान बुट्टे जवळजवळ पडल्यामुळें वेलीसारखे दिसतात? लुगड्याचे वीतभर चौकोन कापावे, ते उलटसुलट फिरवून वाटेल तसे पुन्हां जोडावे, आणि त्यांची गोधडी शिवावी. वितीहून लहान जी नक्षी ती गोधडींत शाबूत राहील. वितीहून लांब ज्या वेली त्या तुटतील. आतां लुगडें आणि गोधडी शेजारीं शेजारीं ठेवून 'वेलपणा' मोजावा. लुगड्यांत तो गोधडीपेक्षां स्पष्ट अधिक निघाला तर वितीहून लांब वेली खऱ्या होत्या. दोहोंत सारखाच निघाला, तर लांब वेल ही योगायोगाची जोडणी. मग चौकोन मोठे मोठे करीत जावें, आणि फरक कोठें नाहींसा होतो तें पाहावें.

हा 'वेलपणा' अंकांत कसा पकडावा, यांत पुण्याचा हात आहे, आणि तो सांगतांना मला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. कै. जयंतराव नारळीकर यांनीं १९८८ सालीं पुण्यांत ज्या आयुका संस्थेचा पाया घातला, तेथील वरुण साहनी यांनीं सत्यप्रकाश व शांदारिन यांच्याबरोबर १९९८ सालीं एक रीत प्रसिद्ध केली. कोणत्याहि वेड्यावांकड्या आकाराचें घनफळ, पृष्ठफळ आणि वक्रता घेऊन त्यांवरून त्याची लांबी, रुंदी व जाडी ठरवावयाची, आणि तो आकार पोळीच्या जातीचा आहे कीं शेवईच्या, हें अंकानें सांगावयाचें, अशी ती रीत. पुढें २००४ सालीं खरगपूरचे सोमनाथ भारद्वाज, भावसार आणि आयुकांतले जतुश शेठ यांनीं या जातीचें माप व गोधडीची कसोटी एकत्र आणलीं, आणि चिली देशांतल्या लास कॅम्पानास येथील दुर्बिणीनें केलेल्या सव्वीस हजारांवर दीर्घिकांच्या पाहणीला लावलीं. निष्कर्ष असा निघाला : सुमारें ३३ ते ३७ कोटि प्रकाशवर्षांपर्यंतचे तंतु खरे, त्याहून लांब जे दिसतात ते तुकडे योगायोगानें एकमेकांना लागल्यामुळें दिसतात. म्हणजे डोळा सर्वस्वी खोटा नव्हता आणि सर्वस्वी खराहि नव्हता. अमुक लांबीपर्यंत त्याची साक्ष ग्राह्य, पुढें अग्राह्य. लोवेल यांना असा कोणी न्यायाधीश भेटता तर त्यांचे कष्ट वांचते.

तंतु आहेत हें ठरलें. पण ते नेमके कोठें कोठें आहेत, याची वही घालणें हें निराळें काम. तें फ्रान्समधील राडू स्टोइका या संख्याशास्त्रज्ञानें, स्पेनमधील मार्तिनेझ व एस्टोनियांतील एन् सार यांच्या सहकार्यानें अंगावर घेतलें. त्यांच्या नमुन्याचें नांव 'बिझू'. या फ्रेंच शब्दाचा अर्थ चुंबन असा आहे. आमच्या पिढीच्या लोकांना हें नांव चारचौघांत उच्चारतांना जरा जड जातें. पण तें कां पडलें असावें हें पुढें कळेलच.

असें समजा कीं उसाचीं लहान लहान कांडीं आपल्यापाशीं अगणित आहेत. दीर्घिकांनीं भरलेल्या अवकाशांत तीं एकामागून एक ठेवावयाचीं. प्रत्येक कांड्याची परीक्षा दोन प्रकारची. पहिली परीक्षा दीर्घिकांची : कांड्याच्या पोटांत जितक्या दीर्घिका आल्या तितक्या त्याच्या सभोंवारच्या सालींत नसाव्या, आणि त्या कांडेंभर सारख्या पसरलेल्या असाव्या, एकाच टोंकाला घोळका असेल तर तो तंतु नव्हे, पुंज. दुसरी परीक्षा शेजाऱ्यांची : कांड्याचें टोंक दुसऱ्या कांड्याच्या टोंकाला भिडलें आणि दोहोंची दिशा जुळली, तर बक्षीस; टोंक मोकळें राहिलें तर दंड; एकांत एक घुसलें तर मनाई. टोंकाला टोंक भिडविण्याचा हा प्रकार पाहिला म्हणजे नांवाचें कोडें उलगडतें. बक्षीस व दंड मिळून प्रत्येक मांडणीला एक किंमत येते, आणि किंमतीवरून त्या मांडणीचा संभव ठरतो.

सर्व मांडण्या तपासणें मात्र अशक्य, कारण त्यांना अंत नाहीं. येथें यंत्र द्यूत खेळतें. ही रीत १९५३ सालीं मेट्रोपोलिस व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केली. ज्या घराण्यांतली ती आहे त्याला मोनाको येथील जुगारखान्यावरून मोंटे कार्लो हें नांव पडलें. यंत्र एक कांडें वाढवून पाहतें, एक काढून पाहतें, किंवा एकाची दिशा बदलून पाहतें. मांडणी सुधारली तर बदल कायम. बिघडली तरीहि तो बदल लगेच टाकून दिला जात नाहीं. फांसा टाकून, कधीं कधीं तो ठेविला जातो. हें विचित्र वाटेल, पण त्यांत शहाणपण आहे. नेहमीं चढणाचीच वाट धरणारा वाटसरू पहिल्या टेकडीवर जाऊन अडकतो. सिंहगड गांठावयाचा तर मध्यें उतरावेंहि लागतें. असे असंख्य फांसे टाकल्यावर यंत्र एकच अंतिम चित्र पुढें करीत नाहीं. अवकाशांतल्या या ठिकाणीं किती वेळां कांडें येऊन बसलें, त्या ठिकाणीं किती वेळां, असा तें हिशेब देतें. समजा, शंभरांपैकीं नव्वद वेळां बसलें, तर तेथें तंतु बहुधा आहे. दहाच वेळां बसलें, तर ती बहुधा मोहरी. प्रत्येक रेषेबरोबर तिच्या खरेपणाचा भावहि लिहून येतो, हा या रीतीचा खरा गुण. लोवेलच्या नकाशांत प्रत्येक कालवा सारखाच ठाम काढलेला होता.

स्लोन पाहणींत न्यू मेक्सिकोंतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीनें लाखों दीर्घिकांचीं अंतरें मोजलीं आहेत. एस्टोनियाच्या एल्मो टेंपेल यांनीं स्टोइका प्रभृतींसह त्या पाहणीला बिझू नमुना लावून २०१४ सालीं तंतूंची सूचि प्रसिद्ध केली. देवाचीं बोटें आधीं दाबून गोल करून घेतलीं होतीं, हें सांगावयास नको. सूचींत पंधरा हजारांहून अधिक तंतु आहेत. सर्वांत लांब तंतु सुमारें २८ कोटि प्रकाशवर्षांचे. निराळ्या पाहणीवरून निराळ्या रीतीनें पुण्या-खरगपूरकडे निघालेल्या मर्यादेच्या आंतच हा आंकडा पडतो, हें ध्यानांत घ्यावें. या तंतूंनीं व्यापिलेली जागा एकंदर अवकाशाच्या शेंकडा ५ ते ८, पण दीर्घिकांच्या एकंदर प्रकाशापैकीं शेंकडा ३५ ते ४० त्यांत आहे.

येथें एखादा चिकित्सक वाचक मला अडवील, आणि त्यानें अडवावेंच. कांडींच घेऊन शोधावयास गेलां तर कांड्यांसारखेंच कांहीं सांपडणार, नाहीं का? हा आक्षेप पोकळ नाहीं. कांड्याची जाडी शोधणारा ठरवितो. टेंपेल यांनीं त्रिज्या सुमारें २३ लाख प्रकाशवर्षें धरली. त्याहून पुष्कळ जाड किंवा बारीक तंतु असतील तर ते या चाळणींतून निसटतील. २०१८ सालीं बारा निरनिराळ्या रीतींना एकाच कृत्रिम विश्वाची परीक्षा देण्यांत आली. दाट पुंज कोठें आहेत यावर त्यांचें बरेंचसें एकमत झालें. पण तंतु कोठें संपतो आणि पडदा कोठें सुरू होतो, यावर बारा रीतींनीं पुष्कळ वेगवेगळें सांगितलें. माझें स्वतःचें मत असें कीं, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. सह्याद्रीचा पायथा कोठें संपतो यावर बारा भूमापकांचें तरी कोठें एकमत होईल? सह्याद्रि मात्र आहे.

सूचि हातीं आली म्हणजे पूर्वीं विचारतांहि येत नव्हते असे प्रश्न विचारतां येतात. २०२१ सालीं पेंग वांग, लीबेस्किंड, टेंपेल प्रभृतींनीं हजारों तंतु एकत्र घेऊन पाहिलें, तों तंतूच्या एका अंगाच्या दीर्घिका किंचित् दूर जाणाऱ्या आणि दुसऱ्या अंगाच्या किंचित् जवळ येणाऱ्या आढळल्या. पिळाच्या दोरीसारखा तंतु आपल्या आंसाभोंवतीं फिरत असावा, असें त्यावरून त्यांनीं सावधपणें सुचविलें. कोट्यवधि प्रकाशवर्षें लांबीची वस्तु फिरते, हें वाचून मीं चष्मा पुसून तो परिच्छेद पुन्हां वाचला!

आणि आपल्या घराजवळची एक गोष्ट. २०१७ सालीं पुण्याच्या आयुका व आयसर या संस्थांतल्या जयदीप बागची, शिशिर सांख्यायन प्रभृति संशोधकांनीं मीन राशीच्या दिशेला, सुमारें चारशें कोटि प्रकाशवर्षांवर, किमान ४३ पुंजांचा एक महासंघ शोधून काढला. त्याचा विस्तार साठ कोटि प्रकाशवर्षांहून अधिक आहे. त्याला नांव दिलें 'सरस्वती'. वर सांगितलेल्या मर्यादेहून हा विस्तार मोठा कसा, असें कोणी विचारील. सरस्वती हा एकच तंतु नव्हे. अनेक तंतु व पुंज जेथें येऊन मिळतात तें तें क्षेत्र आहे, आणि त्यांतला गाभा तेवढा स्वतःच्या गुरुत्वानें बांधलेला आहे, असें त्याच संशोधकांचें गणित सांगतें.

हा लेख लिहीत असतां नातीचा दूरध्वनि आला. तिनें घरीं मोहरी दहा वेळां उधळली, प्रत्येक वेळीं मोबाइलवर चित्र काढून ठेविलें, आणि दहांपैकीं सात वेळां नागोबा आला. उरलेल्या तीन वेळां तो कोठें गेला, असें ती मला विचारीत होती.